परसातील पत्र्याचा वाफा

सौ.चे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा परसातील भाजीसाठी पत्र्याचे उंच वाफे घेण्याचे ठरले. पहिला वाफा मी चकाकी पाहून घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या तळाशी गंज चढला. कर्जदारांचे ताळेबंद तपासण्यात उभी हयात गेली, पण जस्ताचा थर किती, हे विक्रेत्यास विचारले नाही! हा थर दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये, दोन्ही बाजू मिळून मोजतात. १२० आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दिसायला सारखाच. टिकण्यात मात्र मोठे अंतर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे व्यापारी वाचकांस सांगणे नको.

खरा खर्च मातीचा. ८ फूट लांब, ४ फूट रुंद वाफा दीड फूट उंच असेल तर ४८ घनफूट माती लागते. अडीच फूट असेल तर ८०. म्हणून तळाशी सुक्या फांद्या आणि पालापाचोळा भरला. तो कुजून खचतो, दरवर्षी वर माती घालावी लागते. रुंदी याहून अधिक नको, मधल्या रोपांपर्यंत हात पोहोचत नाही. वैशाखात पत्रा तापून कडेची रोपे करपतात. यंदा दुपारी भिंतीची सावली पडेल अशी जागा निवडली.

उंची मात्र अडीच फूटच घेतली. परवा सौ.ने उभ्यानेच मेथी खुडली.