काचेला ऊब, नजरेला वाट

डोंगराळ मुलुखातली हिवाळ्याची पहाट. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फाचा पांढरा थर घट्ट बसलेला असतो. निघायची घाई असते. मग हाताला लागेल त्या वस्तूने काच खरवडली जाते आणि तळहाताएवढी जागा साफ झाली, की ‘दिसतंय तेवढं पुरे’ म्हणून गाडी हाकली जाते. पण तेवढे पुरत नाही. त्या झरोक्यातून समोरचा रस्ता दिसतो, मात्र कडेने चाललेली शाळकरी मुले दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये गाडी सुरू करण्यापूर्वी सर्व काचांवरचे बर्फ काढलेच पाहिजे, असे वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत बजावले आहे, ते याचसाठी.

या त्रासाशी सर्वाधिक परिचय असलेली गाडी म्हणजे लँड रोव्हर. 1948 साली ती प्रथम लोकांसमोर आली. शेतात, चिखलात, खडकाळ चढावर कुठेही जाणाऱ्या या गाडीला 1990 मध्ये ‘डिफेंडर’ हे नाव मिळाले आणि त्या जुन्या घडणीच्या गाड्यांचे उत्पादन जानेवारी 2016 मध्ये थांबले. तरीही अनेक डिफेंडर आज रस्त्यावर आहेत. गाडी दणकट, पण काचेवर गरम हवा सोडणारी तिची यंत्रणा दुबळी! एंजिन तापेपर्यंत तर ती जवळजवळ निरुपयोगीच. म्हणून कित्येक मालक जुनी काच काढून तिच्या जागी विजेवर तापणारी काच बसवून घेतात.

ही काच तापते कशी? मोटारीची पुढची काच ही मुळात दोन काचांची असते आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. त्या पापुद्र्यात केसाहूनही बारीक अशा टंगस्टनच्या तारा शेजारी शेजारी बसवतात. वीज सोडली, की तारा तापतात, काचेला चिकटलेला बर्फाचा थर सुटतो आणि बाकीचे काम वायपर करतात. फोर्ड कंपनीने 1985 मध्ये युरोपातल्या आपल्या ग्रॅनाडा गाडीतून ही सोय आणली. एंजिन तापण्याची वाट पाहावी लागत नाही, काही मिनिटांत काच स्वच्छ होते, हा तिचा मोठा गुण.

डिफेंडरची काच सपाट आणि रबरी पट्टीत बसवलेली असल्याने ती बदलणे तुलनेने सोपे. नव्या काचेभोवती रबर चढवायचे, रबराच्या खाचेत मजबूत दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. मग एकाने बाहेरून दाबायचे व दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचे. रबराची कड आपोआप चौकटीवर चढते. काम दोघांचे आहे, एकट्याने करू नये. काच काढलेली असतानाच चौकटीचा गंज पाहून घ्यावा. गंजलेल्या चौकटीत नवी काच बसवली, तर पाणी आत झिरपते आणि खर्च वाया जातो. काचेच्या कोपऱ्यातून निघणारी विजेची टोके रबराखाली चेंगरणार नाहीत, याकडेही लक्ष हवे.

खरी कसोटी मात्र वायरिंगची. समजा काच 500 वॉटची आहे. 12 व्होल्टच्या गाडीत तिला सुमारे 42 अँपियर वीज लागेल. हेडलाइटचे 55 वॉटचे दोन्ही दिवे मिळून जेमतेम 9 अँपियर घेतात, यावरून अंदाज यावा. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला, तर बटण वितळेल, वायर पेटेल. म्हणून बटणाने फक्त रिले चालवायचा. मुख्य वीज बॅटरीपासून जाड वायरने, रिलेमार्गे काचेला द्यायची आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसवायचा. अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ धातूवरच जोड द्यावा. काच काही मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर असावा आणि एंजिन चालू असेल तरच ती तापावी, अशी जोडणी करावी. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते. बंद गाडीत काच तापत राहिली, तर ओसाड घाटात गाडी सुरूच होणार नाही. जुना अल्टरनेटर एवढा भार पेलेल का, हेही माहीतगार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासून घ्यावे.

या काचेचे दोषही आहेत. रात्री समोरून दिव्यांचा झोत आला किंवा सूर्य कलला, की बारीक तारा चमकतात. काही जणांच्या डोळ्यांना ते खुपते. दगड लागून एखादी तार तुटली, तर तेवढी पट्टी तापत नाही. साध्या काचेपेक्षा किंमतही जास्त. काही काचांत तारांऐवजी धातूचा अदृश्य मुलामा असतो. तो रेडिओलहरी अडवतो, म्हणून काचेवर फास्टॅग चिकटवताना मुलामा नसलेली जागा शोधावी लागते.

आपल्याकडे ही काच कुणी घ्यावी? मुंबई-कोकणच्या पावसात काचेवर जी वाफ धरते, ती आतल्या माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची. एसी चालू करून हवेचा झोत काचेवर सोडला, की ती जाते. त्यासाठी हा खर्च नको. पण लडाख, लाहौल-स्पितीसारख्या भागात ज्यांना हिवाळ्यातही रोज गाडी काढावी लागते, त्यांनी जरूर विचार करावा. मात्र आपल्या गाडीच्या नेमक्या मापाची आणि सुरक्षा-मानकाची खूण असलेली काच मिळत असेल, तरच!

आणि ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी? काचेवर उकळते पाणी मुळीच ओतू नये. थंडगार काच तडकते. रात्री काचेवर जाड कापड किंवा पुठ्ठा टाकावा, सकाळी प्लॅस्टिकच्या खरवडणीने सगळी काच साफ करावी आणि निघायला दहा मिनिटे उशीर झाला तर होऊ द्यावा. घरची माणसे उशिरा पोहोचणाऱ्याची वाट आनंदाने पाहतात.