टाळ्यांचं ओझं

या अंकाची जुळवाजुळव चालू असताना एका संध्याकाळी तीर्थपुरीतल्या आपल्या गटाच्या खोलीवर एक मुलगी आली. बचत गटाच्या वह्या आवरून बाया घरी निघाल्या होत्या. ही मात्र दाराशीच चपला काढून भिंतीला टेकून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मला नाही खेळायचं आता. कुणाला सांगू नका." त्या एका वाक्यानं या वेळचं संपादकीय लिहायला मला भाग पाडलं आहे.

तिचं नाव आणि गाव मी इथं देत नाही. तीर्थपुरीच्या आसपासच्या एका खेड्यातली आहे एवढं पुरे. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाडी भरून निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने आजी, धाकटा भाऊ आणि चूल हिच्या अंगावर. त्यातूनही शाळेत असल्यापासून ती खो-खो खेळत आली. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. बारावी झाली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आणि पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या संघात तिची निवड झाली.

तिथून पुढं सगळं फार वेगानं घडलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. मातीतला, गरिबाघरचा म्हणून हिणवला गेलेला खेळ एकदम टीव्हीवर आला. मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाला वाटायला लागलं की आता पुढची कर्णधार आपलीच. आमच्या या पोरीचा फोटो फ्लेक्सवर लागला, आणि त्यावर तिच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो मोठे होते. पारावरची माणसं तिला थांबवून विचारायची, "काय मग, भारताच्या संघात कधी?" अजून तिनं आंतरमहाविद्यालयीन सामन्यातली पहिली पाळीही खेळली नव्हती.

सामना झाला. पहिल्या पाळीत ती लवकर बाद झाली. पाठलागात दोनदा चुकीच्या वेळी खो दिला. संघ थोड्या गुणांनी हरला. खेळात हे रोज कुठं ना कुठं होतं. पण गावात शिरताना तिला जे ऐकायला मिळालं ते असं : "फ्लेक्सचे पैसे तरी वसूल करायचे." "चड्डी घालून पळायची हौस फिटली का?" आठवड्याभरात मामानं स्थळ आणलं. वडील कारखान्यावरून फोनवर म्हणाले, "बघितलं की खेळून. आता बस झालं."

हे सगळं ऐकताना मला गावाचा राग आला. पण रागाच्या मागोमाग लाजही वाटली. कारण त्या फ्लेक्सच्या कितीतरी आधी तिचं नाव गावोगाव नेणारी मीच होते. किशोरवयीन मुलींच्या प्रत्येक शिबिरात मी तिला उभं करायची. "बघा, ही तुमच्यातलीच. हिनं करून दाखवलं तर तुमच्या सगळ्यांची वाट मोकळी होईल." सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिला काय सांगितलं होतं तेही मला आठवतं : "तू जिंकलीस ना, की इथल्या एकाही बापाची मुलीला नाही म्हणायची हिंमत होणार नाही." समाजकार्याची पदवी घेतलेली, दहा-बारा वर्षं बायकांबरोबर काम केलेली मी. अठरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर सगळ्या तालुक्यातल्या मुलींचं भवितव्य ठेवून मोकळी झाले होते. पारावरच्या माणसांची अपेक्षा आणि माझी अपेक्षा यांत भाषेचा तेवढा फरक होता.

म्हणून हा प्रश्न आपण नीट उलगडून बघायला हवा, असं मला वाटतं.

आपल्याकडं मुलीला खेळायची परवानगी मिळते, ती उसनी मिळते आणि ती पदकानं फेडायची असते. गावातली पोरं बाजारपटांगणात दरवर्षी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतात आणि दरवर्षी हरतात. त्यांना कुणी म्हणत नाही, "आता बॅट ठेवा, लग्न करा." मुलगा खेळतो कारण त्याला खेळायचं असतं. मुलगी खेळते तेव्हा त्यातून काय मिळणार याचा हिशेब आधी मांडला जातो. म्हणजे तिला मिळालेला तो हक्क नसतोच. ती एक सवलत असते, आणि पहिल्या पराभवाबरोबर ती काढून घेता येते.

काढून घेतल्यावर तिच्यासमोर काय उरतं, हेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं १८ पूर्ण व्हायच्या आधी झालेली आढळली. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. या भागात मुलीनं दोन वर्षं मैदानावर टिकणं म्हणजे दोन वर्षं लग्न पुढं ढकलणं. म्हणून तिच्या दृष्टीनं तो सामना नुसता सामना नव्हता. हरणाऱ्या मुलाचा सामना जातो, हरणाऱ्या मुलीचं पुढचं सगळंच पणाला लागतं. इतकं पणाला लावून कुणाचे पाय मोकळे पळतील?

घरच्यांना मी सरसकट दोष देणार नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरात उचल घेतल्याशिवाय वर्ष सरत नाही, त्या घराला मुलीच्या प्रमाणपत्रात नोकरी दिसली तर त्यात लोभ कुठला? खूपदा आईच बापाला पटवते ती याच एका मुद्द्यावर : "खेळू द्या, नोकरी लागंल." पोरीच्या आनंदासाठी खेळू द्या, असं म्हणायची तिला सोयच नसते. पण प्रत्येक खेळणाऱ्या मुलीला पदक मिळणार नाही, हे साधं गणित आहे. मग बाकीच्या मुलींनी खेळायचंच नाही का?

ज्या मुली वर पोचल्या त्यांच्याही वाटेकडं आपण नीट बघत नाही. धाराशिवची सारिका काळे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तिनं उघडपणे सांगितलं की जवळजवळ दहा वर्षं तिनं दिवसातून एक वेळच्या जेवणावर काढली होती, आणि घरच्या ओढाताणीनं खचून एकदा खेळ सोडायचंही ठरवलं होतं. आपण पुरस्काराचा फोटो कापून शाळेच्या फलकावर लावतो. एक वेळच्या जेवणाची गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगतो. खरं तर ती आपल्याला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. त्या दहा वर्षांत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी तिचं ताट भरलं?

दुसरं ओझं नजरेचं. आमच्या पोरीला चड्डीवरून बोललं गेलं, तर वाटतं की खेड्यातली माणसं अडाणी. पण जानेवारी २०२४ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख नेदरलँड्समधली बुद्धिबळाची मोठी स्पर्धा खेळून आली. तेव्हा अठरा वर्षांची होती. आपण खेळलेल्या चांगल्या डावांचा अभिमान वाटत असताना प्रेक्षक मात्र आपले कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलत राहिले, असं तिनं जाहीरपणे लिहिलं. बुद्धिबळासारख्या एका जागी बसून खेळायच्या खेळातसुद्धा बाईचं शरीर सुटलं नाही. पुढं जुलै २०२५ मध्ये तिनं बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पण आपण एवढ्यावर समाधान मानायचं नाही. ती जिंकली नसती, तरी तिची तक्रार तितकीच खरी होती.

आणि तिसरं ओझं गप्प बसण्याचं. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. त्या रात्री सगळा देश तिचं कौतुक करत असताना ती म्हणाली की या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो, मनाची फार घालमेल होत होती. मध्ये एका सामन्यात तिला संघातून वगळलंही होतं. तिनं सहकारी मुलींची नावं घेतली, ज्या अशा वेळी तिच्याजवळ राहिल्या. हे जिंकल्यावर सांगता आलं, कारण तेव्हा ऐकणारे होते. माझ्या मनात येतं, हरलेल्या मुली हे कुणाला सांगत असतील? आमची पोरगी भिंतीला टेकून बसली तेव्हाही तिचं पहिलं म्हणणं हेच होतं, "कुणाला सांगू नका."

तर आपण काय करायचं? अपेक्षा ठेवायच्याच नाहीत का? तसं मी म्हणणार नाही. कुणीतरी आपल्याकडून काही आशा करतं, याचंही बळ असतं, आणि ज्या मुलींकडून कधीच कुणी भाकरी थापण्यापलीकडं काही मागितलं नाही त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पण अपेक्षा कुणाकडून करायची याचा क्रम बदलू या. मुलीकडून पदकाची अपेक्षा करण्याआधी गावाकडून मैदानाची करू. मैदानाजवळ दार लागणारं संडास आहे का? पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा आहे का? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे चांगलंच झालं, पण सराव संपल्यावर गावाला जाणारी गाडी आहे का? सामन्याला बाहेरगावी जाताना सोबत एखादी बाई असते का? ऊसतोडीच्या महिन्यांत तिच्या घरची चूल संध्याकाळी कोण पेटवतं? आपल्या गटातल्या दोघी-तिघींनी आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतला, तर त्या मुलीचा एक तास मोकळा होतो. फ्लेक्सच्या खर्चात महिन्याचं शेंगदाणे-गूळ-अंडी येतात.

खो-खो खेळलेल्या बायांना एक गोष्ट सांगायला नको. या खेळात पाठलाग करणारी एकटी कधीच पळत नाही. आठ जणी पाटीवर बसलेल्या असतात. दमली, अडली की ती दुसरीला खो देते आणि तिच्या जागी बसते. बसणं ही तिथं हार मानली जात नाही, तो खेळाचाच भाग असतो. आपणच एका मुलीला उठवून सगळं मैदान तिला एकटीला पळायला लावलं आणि ती दमल्यावर तिला नावं ठेवली.

त्या संध्याकाळी मी तिला खेळत राहा असं सांगितलं नाही. आधी माझी चूक कबूल केली. "मी तुझ्यावर फार टाकलं. तू जिंकलीस काय, हरलीस काय, लग्नाची घाई आम्ही अडवूच. त्याचा खेळाशी संबंध नाही," एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघी तिच्या आजीकडं जाऊन बसल्या. वडिलांशी फोनवर तीनदा बोलणं झालं. स्थळ सध्या तरी परत गेलं आहे. ती आठवड्यानं मैदानावर गेली. मला म्हणाली, "ताई, जाते, पण शिबिरात मला उभं करू नका." मी कबूल केलं.

पुढं ती विद्यापीठाच्या संघात जाईल का, मला माहीत नाही. ते या संपादकीयाचं काम नाही. ती हरली तरी दुसऱ्या दिवशी तिला बूट बांधता आले पाहिजेत, एवढं मात्र आपलं काम आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात खेळणाऱ्या मुली कोण आहेत? ज्यांनी खेळ सोडला, त्यांनी का सोडला? जिंकलेल्या मुलींबद्दल वर्तमानपत्रं लिहितात. हरलेल्या आणि तरीही खेळत राहिलेल्या मुलींबद्दल तुम्ही आम्हाला लिहा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीनं