सुधारलेली भिंत

शहरातील एका विशेष शाळेच्या आवारात गेल्या हिवाळ्यात सामूहिक भित्तिचित्राचा कार्यक्रम झाला. बौद्धिक अक्षमता असलेली पंचवीस-तीस मुले, एक लांबलचक भिंत, रंगांच्या बादल्या आणि उत्साही स्वयंसेवक. मीही त्यांतला एक होतो. मोर, कमळ, झोपडी, उगवता सूर्य ही रेखाटने आदल्या दिवशीच एका व्यावसायिक चित्रकाराकडून काढून घेतलेली होती. मुलांनी त्यांत रंग भरावयाचे, एवढेच. तीन तासांनी प्रमुख पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, खाऊ वाटला गेला.

विसरलेला चष्मा आणण्यासाठी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शाळेत गेलो. दोन तरुण शिडीवर चढून 'फिनिशिंग' करत होते. रेषेबाहेर गेलेला रंग पांढऱ्याखाली झाकला जात होता. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने आदल्या दिवशी मोराच्या पोटावर पिवळी वर्तुळे काढली होती. सकाळभर त्याने दुसरे काहीही केले नव्हते. त्या वर्तुळांवर आता गुळगुळीत निळा रंग चढला होता. मधल्या सुट्टीत तो मुलगा आला आणि मोराच्या पोटावर हात फिरवत उभा राहिला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ, किती छान दिसतोय तुझा मोर!"

तो मोर त्याचा नव्हता. त्याची होती ती वर्तुळे, आणि ती आपण पुसली. मीही त्या वेळी गप्प राहिलो, हे आधी कबूल करतो.

अशा कार्यक्रमांविषयी शंका काढली की ठरलेले उत्तर मिळते : "मुलांना आनंद तर मिळाला ना?" मिळाला, यात वाद नाही. पण आनंद हाच हेतू होता, तर दुसऱ्या दिवशी शिडी कशासाठी लावली? ती सुधारणा पाहुण्यांसाठी, देणगीदारांसाठी, रस्त्याने जाणाऱ्या तुमच्या-आमच्यासाठी होती. मुलांची नावे भिंतीवर कोठेही नव्हती. प्रायोजकांचे मात्र ठसठशीत अक्षरांत होते.

दुसरे उत्तर अधिक विद्वत्तेचे असते. रंगकामाने बोटांच्या स्नायूंना वळण लागते, एकाग्रता वाढते. खरे आहे. पण माझी नात चित्रकलेच्या वर्गाला जाते, तेव्हा तिच्या मनगटात किती सुधारणा झाली असे कोणी विचारत नाही. चित्र काय काढलेस, असे विचारतात. तिच्यासाठी जी कला, तीच या मुलांच्या हाती आली की उपचार का होते? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. त्याचे तिसावे कलम सांगते की या व्यक्तींना आपली सर्जनशक्ती वाढवण्याची आणि वापरण्याची संधी मिळावी. केवळ त्यांच्या हितासाठी नव्हे, तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. आपल्याकडील २०१६ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमातही सांस्कृतिक जीवनाचा त्यांचा हक्क नोंदवला आहे. म्हणजे त्यांनी आपल्याला काही द्यावे, अशी अपेक्षा आहे. आपण मात्र आपलाच मोर त्यांच्याकडून रंगवून घेतो.

मदत करूच नये, असे माझे म्हणणे नाही. बडोदेकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने झाली आणि त्यांना शिष्यांचे साहाय्य होते. भिंत हे मुळात अनेक हातांचेच काम. परंतु तेथे चित्र काय असावे हे गुरू ठरवत होते व हात शिष्यांचे होते. मुलांच्या भित्तिचित्रात ही मांडणी उलटी हवी : ठरवणारी मुले, हाताखाली काम करणारे आपण. ब्रशाच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करणे, चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी दांडा लांब करणे, तोंडात गेला तरी अपाय होणार नाही असा रंग आणणे, ओल्या रंगाचा स्पर्श ज्याला सोसत नाही त्याच्या हाती स्पंज किंवा रोलर देणे, ही आपली कामे. सगळ्या बादल्या एकदम उघडल्या की तासाभरात भिंतीवर मातकट चिखल होतो. म्हणून एका दिवशी दोनच रंग काढावेत. एकाचा आकार दुसऱ्याच्या आकारावर चढला की रडारड होते. तेथे घाईने पांढरा पट्टा ओढू नये. दोघांना उभे करावे, थांबावे. पुढे काय करायचे हे पुष्कळदा त्यांचे तेच ठरवतात, आणि 'सामूहिक' हा शब्द तेथे प्रथम खरा होतो.

याला वेळ लागतो, आणि वेळच आपण देत नाही. अमेरिकेत ओकलंड येथे 'क्रिएटिव्ह ग्रोथ' नावाचे कलाकेंद्र १९७४ पासून आहे. डाऊन सिंड्रोम असलेली, कानाने बहिरी जूडिथ स्कॉट तेथे १९८७ मध्ये आली. जवळजवळ दोन वर्षे तिने चित्रकलेत फारसा रस दाखवला नाही. मग सूत हाती आले, आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती वस्तूंभोवती धागे गुंडाळून शिल्पे घडवत राहिली. आज ती शिल्पे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. तेथे दोन वर्षे वाट पाहिली गेली. आपण पाहुण्यांची गाडी फाटकात येईपर्यंतच पाहतो.

प्रत्येक मूल जूडिथ स्कॉट असते, असा भाबडेपणाही नको. काही रेघा नुसत्याच रेघा असतात. कोणी दिवसभर बादलीतला रंगच ढवळत बसेल, कोणी भिंतीकडे पाठ करील. 'निरागस प्रतिभा' म्हणून सरसकट टाळ्या पिटणे हाही न पाहण्याचाच एक प्रकार आहे. मी मागतो आहे ते एवढेच, की जे उमटले ते राहू द्यावे आणि खाली नावे लिहावीत.

आपल्या संस्थेच्या कुंपणाची रस्त्याकडील बाजू गेली कित्येक वर्षे शिकवणी वर्गांच्या जाहिरातींनी विद्रूप झालेली आहे. ती भिंत खरवडून, पांढरी करून, पावसाळा संपल्यावर दोन महिने या मुलांना द्यावी, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. रेखाटन नाही, उद्घाटन नाही. रंगाचा खर्च मी देईन. ज्या सभासदांना भिंतीच्या शोभेची काळजी वाटते, त्यांनी सभेला अवश्य यावे आणि तसे उघडपणे बोलावे.