हिरड्यांच्या रक्षणासाठी नाकावाटे लस

दात पडणे म्हणजे म्हातारपण, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, हिरड्यांचा विकार जंतूंमुळे बळावतो आणि तो टाळता येतो, याकडे सहसा लक्षच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगातील शंभर कोटींहून अधिक लोकांना तीव्र पायोरियाने ग्रासले आहे. मधुमेह असलेल्यांना तो अधिक छळतो आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणेही अवघड करतो. त्यामुळे त्याविरुद्ध नाकावाटे लस देण्याच्या प्रयत्नांची दखल घ्यायला हवी.

संशोधकांचे मुख्य लक्ष्य आहे ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू. दात आणि हिरडी यांमधील खोल, प्राणवायूविरहित फटीत तो वाढतो. ‘जिंजिपेन’ ही त्याची विकरे शरीराची प्रथिने तोडतात. प्रतिपिंडांनाही सोडत नाहीत. संख्येने अल्प असूनही हा जिवाणू तोंडातील इतर जंतूंचा समतोल बिघडवतो. त्यातून चिघळणारा दाह दाताभोवतीचे हाड झिजवतो आणि ही झीज सहसा भरून येत नाही.

मग लसीसाठी नाकच का? नाक, घसा आणि तोंड यांच्या अस्तरांचे रक्षण प्रामुख्याने ‘आयजीए’ प्रतिपिंडे करतात. दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते, पण लाळेत ती फारशी उतरत नाहीत. नाकातील प्रतिकारपेशी जागृत केल्या, तर दोन्हीकडे संरक्षण मिळू शकते. जपानी संशोधकांनी या जिवाणूच्या बाह्य आवरणातील ४० किलोडाल्टनचे प्रथिन उंदरांना नाकावाटे दिले, तेव्हा हाडाची झीज कमी झाली. अर्थात, मेलबर्न विद्यापीठातील प्रा. एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेली जिंजिपेनवरील लस टोचण्याचीच होती आणि तिनेही उंदरांमध्ये झीज रोखली. तेव्हा नाकाचा मार्ग हाच एकमेव, असे म्हणता येणार नाही.

नाकावाटे लस भारताला नवी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी ‘नेझोव्हॅक’ आणली. हैदराबादच्या भारत बायोटेकची करोनावरील ‘इन्कोव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाली. परंतु या लसी बाहेरून येणाऱ्या विषाणूंविरुद्ध होत्या. पायोरियाचे जंतू तोंडातच वर्षानुवर्षे ठाण मांडून असतात, अनेक प्रकारचे असतात आणि आजार संथ गतीने वाढतो. त्यामुळे माणसांवरील चाचण्या दीर्घ आणि खर्चिक ठरणार.

सुरक्षिततेचा प्रश्नही आहेच. प्रथिन एकटे पुरेसा प्रतिसाद जागवत नाही. त्याला वर्धकाची जोड लागते. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात दिलेल्या फ्लूच्या नाकावाटे लसीनंतर चेहऱ्याच्या पक्षाघाताचे रुग्ण वाढले आणि ती मागे घ्यावी लागली. तिच्यात जिवाणूचे विष वर्धक म्हणून वापरले होते. जिवावर न बेतणाऱ्या आजारासाठी निरोगी माणसाला लस द्यायची, तर सुरक्षिततेची कसोटी अधिकच कठोर हवी.

लस येईल तेव्हा येईल. तोवर रोजचा ब्रश, दातांवरील कीटण वेळेवर काढून घेणे आणि तंबाखू-मिश्री सोडणे हे उपाय हाताशी आहेत. मिश्रीने दात घासणाऱ्या महाराष्ट्रात ते घरोघरी पोहोचले नाहीत, तर उद्याची लसही मोजक्यांच्याच वाट्याला येईल.