दिवा कोणासाठी, नेम कोणावर?

आमच्या तालुक्यातील एका जुन्या साथींचा पुतण्या अनेक वर्षांपासून अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एका मोठ्या शहराच्या उपनगरात राहतो. त्याच्या शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली आणि त्याने पिस्तूल विकत घेतले. काका सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणून त्याने त्यांना विचारले : "काका, रात्रीसाठी पिस्तुलावर दिवा कोणता बसवू? आणि नेम धरायला तांबड्या ठिपक्याचे भिंग घेऊ की अंधारात चमकणारी माशी?" काकांनी हा प्रश्न शाखेच्या बैठकीत सांगितला, तेव्हा हशा पिकला. 'अमेरिकन वेड' असा शेरा मारून सभा पुढच्या विषयाकडे वळली. माझे भांडण आधी त्या हशाशी आहे आणि मग त्या दुकानदाराशी.

भ्यालेल्या माणसाला हसणे सोपे असते. पण आपण ज्याला हसून वाटेला लावतो, त्याला व्यापारी हात धरून आत नेतो. जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ सालच्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. म्हणजे दर १०० माणसांमागे सुमारे १२०. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेव्हा दिव्याचा आणि नेमाचा प्रश्न हा काही चार शौकिनांचा चाळा राहिलेला नाही. रात्री कोठे खुट्ट वाजले की लक्षावधी घरांत तो उभा राहतो. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी तो नीट समजून घेतला पाहिजे.

बाजारात नेमाची साधने मुख्यतः तीन प्रकारची. पहिला प्रकार म्हणजे अंधारात चमकणारी माशी. ट्रिटियम नावाचा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार काचेच्या बारीक नळीत भरतात आणि त्याच्या योगाने आतला लेप सतत मंद उजळत राहतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने तेवढ्या काळात हा उजेड निम्म्यावर येतो. दुसरा प्रकार बॅटरीवर चालणारे भिंग. त्यात डोळ्यासमोर तांबडा ठिपका दिसतो आणि तो लक्ष्यावर टेकवायचा. तिसरा प्रकार लेसर. त्याचा ठिपका समोरच्याच्या अंगावरच पडतो. तिन्ही साधने आपापले काम चोख करतात, हे मान्य केले पाहिजे. पण ते काम कोणते? गोळी कोठे जाईल, एवढेच ती सांगतात. ती ज्याच्या अंगात शिरेल तो कोण आहे, हे तिन्हींपैकी एकही सांगू शकत नाही. घरातले अंतर ते किती? शयनगृहाच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फार तर आठदहा पावले. इतक्या जवळून नेम चुकण्याची चिंता दुय्यम होय. खरी चिंता माणूस चुकण्याची आहे.

म्हणूनच या सर्व सामग्रीत माणुसकीशी नाते सांगणारी वस्तू एकच, ती म्हणजे दिवा. नेमाचे साधन मारण्यासाठी असते, दिवा ओळखण्यासाठी असतो. पण बाजाराने या दिव्याचीही जात बदलली आहे. ज्या वस्तूने ओळख पटवायची, ती त्याने पिस्तुलाच्या नळीखाली नेऊन बसवली. परिणाम असा की जिकडे उजेड टाकायचा तिकडे पिस्तूलही रोखावे लागते. कॉलेजातून उशिरा परतलेला मुलगा मागच्या दाराने आत येतो. त्याचा चेहरा पाहण्यासाठी बापाने भरलेली नळी त्याच्या छातीवर धरायची, ही कसली सुरक्षितता? ज्यांना बंदुकीचे वावडे नाही त्यांचा धडा तरी वेगळा कोठे आहे? नेमबाजीचे नामांकित अमेरिकन शिक्षक जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोनात आपली शाळा काढली. त्यांच्या चार प्रसिद्ध नियमांपैकी एकाचा आशय असा की, जे नष्ट करायची तुमची तयारी नाही त्यावर नळी कधी फिरवू नका. आणि दुसऱ्याचा असा की, लक्ष्य कोण आहे याची खात्री करा. नळीखालच्या दिव्याने घर धुंडाळणारा माणूस दुसरा नियम पाळण्यासाठी पहिला मोडतो. त्यातच दिव्याचे बटण चापाच्या जवळ असते. दिवा लावताना चापच ओढला गेल्याचे प्रकार तेथील प्रशिक्षित पोलिसांच्या हातूनही घडले आहेत. मग झोपेतून दचकून उठलेल्या कारकुनाची कथा काय!

दुकानदार लुमेनचे आकडे सांगतो : पाचशे, हजार. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, तर एका दिशेने तो किती तीव्र आहे हे कॅन्डेलाने मोजतात. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो सराव प्रखर झोताने क्षणात मोडतो. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत अशा झोताचा काही भाग उलटून लावणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. चेहरा ओळखण्यापुरता उजेड तर ओसरीतल्या साध्या दिव्यानेही मिळतो. पण साध्या दिव्यात नफा तो किती?

कोणी म्हणेल, हे सारे तर्क आहेत. म्हणून घडलेल्या गोष्टी पाहू. १७ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहरात सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. त्याच्या हातात कॅमेरा होता. घरमालकाने त्याला गोळी घातली. १९९३ साली फौजदारी न्यायालयाने मालकाला निर्दोष सोडले. एप्रिल २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची घंटा वाजवली आणि दारातूनच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो वाचला. त्यानंतर दोनच दिवसांनी न्यूयॉर्क राज्यातील हेब्रॉन गावी रस्ता चुकून एका घराच्या आवारात शिरलेल्या मोटारीवर मालकाने गोळी झाडली. आतली वीस वर्षांची तरुणी मरण पावली. त्याला २०२४ साली किमान पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. या तिन्ही ठिकाणी उणीव नेमाची नव्हती. नेम अचूक लागला होता. 'कोण आहे? काय हवे आहे?' हे विचारून उत्तराची वाट पाहण्याइतका धीर तेवढा नव्हता.

हा धीर दुकानात मिळत नाही, म्हणून दुकान त्याची गरजच नाकारते. या नाकारण्यामागे हितसंबंधांची भक्कम तटबंदी आहे. १९७२ सालच्या कायद्याने अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमला गेला, पण बंदुका व काडतुसे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. डॉ. आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्याने सिएटल शहराच्या परिसरातील घरांत बंदुकीने झालेले मृत्यू तपासून १९८६ साली असे दाखवले की स्वसंरक्षणार्थ मारल्या गेलेल्या दर एका माणसामागे आत्महत्या, खून व अपघात मिळून ४३ मृत्यू होते. अशा संशोधनाचे पुढे काय झाले? १९९६ साली अमेरिकेच्या संसदेने आरोग्यखात्याच्या निधीवर अशी अट घातली की सरकारी पैशाने होणारे हे संशोधन दोन दशके जवळजवळ ठप्प झाले. २०२१ साली तेथे बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. स्वतःच्या कपाळाला नळी लावणाऱ्याला ना दिवा लागतो, ना माशी.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळता कामा नये. चोर खरोखरच घरात शिरला असेल, पोलीस यायला अर्धा तास असेल, तर माणसाने काय करावे? शिवाय पिस्तुलावरच्या दिव्याने दुसरा हात मोकळा राहतो, त्या हाताने मूल उचलता येते, दार लावता येते. हे खरे आहे. मिट्ट काळोखात गोळी झाडण्यापेक्षा तोही दिवा बरा. पण तो शेवटचा दिवा असावा, पहिला नव्हे. नळीवरच्या दिव्याने शोधायचे नसते. शोध आधीच संपलेला असला पाहिजे.

आपल्या खेड्यांत पूर्वी जागल्या गस्त घाली. ते काम गावाने खालच्या मानलेल्या जातींच्या माथी मारले होते. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण अंधारात सावली हलली की जागल्याची आरोळी आधी उठे : "कोण आहे रे तिकडे?" काठी त्यानंतर. शिवाय तो एकटा नसे. आरोळी ऐकून गाव जागे होई. उपनगरातला माणूस एकाकी पडला आहे. शेजाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नाही आणि त्या एकाकीपणाची किंमत तो दिव्यांच्या व ठिपक्यांच्या रूपाने दुकानात मोजतो आहे.

तेव्हा साथी, पुतण्याच्या प्रश्नाला हसू नका, उत्तर पाठवा. त्याला लिहा : बाबा रे, पहिला पैसा ओसरीच्या आणि मागच्या दाराच्या दिव्यावर घाल, दुसरा मजबूत कडीकुलपावर. उशाशी विजेरी ठेव. ती हातात धरायची असावी, पिस्तुलापासून वेगळी. पिस्तूल ठेवणारच असशील तर कुलपात ठेव. खुट्ट झाले तर आधी मुले कोठे आहेत ते पाहा, सर्वांना एका खोलीत घे, दार लाव, पोलिसांना फोन कर आणि मोठ्याने विचार, कोण आहे? साध्या माशीने तुझे भागेल. चमकणारीवाचून काही अडत नाही. आणि उद्या सकाळी शेजारच्या दोन घरांची दारे ठोठाव, नावे विचारून ये.

या यादीतील बहुतेक वस्तू स्वस्त आहेत आणि शेवटची तर फुकट आहे. म्हणूनच कोणताही दुकानदार ती त्याला सांगणार नाही. ती सांगण्याचे काम आपले आहे. आणि त्या दिवशी बैठकीत आपण ते हसण्यावारी नेले.