पोटखराब्यातला काजळा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर यंत्रमागांच्या खडखडाटात आणि मालमोटारींच्या रांगेत अडकलेल्या माणसास, भरतीचे पाणी या शहराच्या उंबरठ्यापर्यंत येते हे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. परंतु अंजूरफाट्यावरून काल्हेर-कशेळीकडे गेले की उल्हासची खाडी लागते, आणि भिवंडीस बिलगून वाहणारी कामवारीही अखेर त्याच पाण्यास मिळते. जेथे गोडे पाणी खाऱ्यात मिसळते असेच काठ काजळा या कांदळवनातील झुडपास विशेष मानवतात.

जगाच्या हिशेबी काजळा दुर्मिळ नाही, हे आधीच मान्य करतो. त्याचा संचार ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, आणि सुंदरबनात खलसी या नावाने तो प्रसिद्ध असून त्याच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा मध तेथे उंची गणला जातो. परंतु ठाणे-मुंबईच्या खाड्यांत तिवरांचे आधिपत्य असल्यामुळे तो विरळच दृष्टीस पडतो. पानांवाटे मीठ बाहेर टाकणारे आणि शिंगासारख्या वाकड्या फळात, ते फांदीवर असतानाच, बीज अंकुरवणारे हे झुडूप वस्तुतः मोठे चिवट आहे. मात्र अंकुरलेले फळ वाहून नेण्यास भरती आणि रुजण्यास चिखल लागतो, आणि भरावाची माती पडली म्हणजे दोन्ही एकाच दिवशी संपतात.

कायदा नाही असे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि 2018 च्या निकालाने तीच मनाई कायम करून अशी तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात ठरविला व कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरांचा पट्टाही संरक्षणाखाली घेतला. माझी तक्रार हुकमाविषयी नाही, दप्तराविषयी आहे. ज्या जमिनीत पीक निघत नाही ती सातबाऱ्यावर पोटखराबा. आणि कांदळवन म्हणून तिची नोंद झालीच तरी ती क्षेत्राची होते, जातींची होत नाही. परिणामी काजळ्याचा काठ बुजवून अन्यत्र केवळ तिवरे लावली, तरी हेक्टरांचा ताळेबंद बिनचूक जुळतो! महसुली चातुर्याचा हा नमुना कौतुकास्पद खरा, परंतु मधमाशीस तो समजावून सांगणे अवघड आहे.

अशा भरावांवर उभ्या राहणाऱ्या गोदामांनी हजारो हातांना काम दिले आहे. त्यांस सरसकट शत्रू ठरविण्याचा सोवळेपणा मला मान्य नाही. तथापि खाडीकाठच्या भरावाचा कोणताही अर्ज पुढे सरकण्यापूर्वी तलाठ्यासोबत वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाने जागेवर जावे, आणि पंचनाम्यात प्रत्येक जातीचे नाव व ठिकाण लिहिले जावे, एवढी तजवीज तरी जिल्हा प्रशासनाने करावी. त्यासाठी नवा कायदा नको; एक परिपत्रक पुरे.