खारी इतकी खुसखुशीत का?

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गात डबे उघडले. कुणाकडे पोळी-भाजी, कुणाकडे पोहे, तर एकाकडे चक्क खारी! एक मुलगी मात्र झाकण अर्धंच उघडून, हाताचा आडोसा करून जेवत होती. मी जवळ जाऊन पाहिलं. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा एवढासा गोळा!

"लपवतेस का गं?" मी विचारलं.

"बाई, सगळे हसतात. म्हणतात, हिचा डबा गावठी."

मग मी वर्गाला एक कोडं घातलं. खारीच्या डब्यात आणि भाकरीच्या डब्यात एक गोष्ट सारखीच आहे, ओळखा पाहू! कुणालाच येईना. मी कोऱ्या कागदाचे दोन तुकडे घेतले. एकावर खारी चोळली, दुसऱ्यावर लोणी. दोन्ही कागद उजेडात धरले, तर दोन्हींवर तेलकट, आरपार उजेड दिसणारे डाग! म्हणजे दोन्हीत स्निग्ध पदार्थ आहेत. तुम्हीही घरी हा प्रयोग करून बघा बरं का!

स्निग्ध पदार्थ वाईट असतात का? मुळीच नाही. १ ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून आपल्याला ४ कॅलरी मिळतात, तर १ ग्रॅम तेला-तुपातून ९! शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांतच विरघळतात. ती अंगी लागायची तर जेवणात थोडं तेल-तूप हवंच. आजी वरणभातावर तूप घालते ते काही उगाच नाही!

मग फरक कुठे आहे? तो आहे ते तयार कसं होतं यात. लोणी कसं होतं, हे त्या मुलीनेच फळ्यापाशी येऊन सांगितलं. साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळायचं, की ताकावर लोणी तरंगतं. ते कढवलं की तूप! तळाची बेरी साखर घालून खायला मिळते, हे सांगताना स्वारी एकदम खुलली. शेंगदाणे, तीळ, करडई घाण्यात दाबली की तेल निघतं. हे सगळं आपण डोळ्यांनी पाहू शकतो.

वनस्पती तुपाची गोष्ट वेगळी. तेल पातळ असतं, ते तुपासारखं घट्ट कसं करायचं? १९०२ साली विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. गरम तेलात निकेल धातूची पूड घालून हायड्रोजन वायू सोडायचा, की तेल घट्ट होतं! आपल्याकडे १९३७ साली डालडा आला आणि ते नाव इतकं रुळलं, की लोक वनस्पती तुपालाच डालडा म्हणू लागले. ते साजूक तुपापेक्षा स्वस्त आणि पुष्कळ दिवस टिकणारं होतं. माझ्या लहानपणी आमच्या दिवाळीच्या करंज्यांनाही त्याचाच साटा असे. आईचं चुकलं का? नाही. सणाला सगळ्यांच्या तोंडी गोड पडावं, एवढंच तिला कळत होतं.

आणि आता खारीचं गुपित. कणीक किंवा मैदा पातळ तेलात भिजवला तर तेल त्यात जिरून जातं. पण घट्ट स्निग्ध पदार्थ लाटीच्या घड्यांमध्ये थरासारखा बसतो. भट्टीत पाण्याची वाफ होते, ती थर उचलते आणि खारी फुलते!

मात्र तेल अर्धवट घट्ट करताना त्यात 'ट्रान्स फॅट' नावाचा प्रकार तयार होतो. तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो, म्हणजे हृदयाला दुहेरी त्रास! म्हणूनच आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून नियम झाला, की अशा पदार्थांतल्या एकूण स्निग्धांशात हे ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. किती चांगलं झालं, नाही?

पण थांबा! ट्रान्स फॅट नाही म्हणजे वाटेल तेवढं खा, असं नव्हे. आता घट्टपणासाठी बऱ्याच ठिकाणी पाम तेलाचे पदार्थ वापरतात. थंडीत खोबरेल गोठतं ना? तसा गोठण्याचा गुण ज्यांत जास्त, ते स्निग्ध पदार्थ बेतानेच खावेत. आणि खरं सांगायचं, तर या यादीत आपलं लाडकं लोणी-तूपही येतं! म्हणून तूप चमचाभर, वाटीभर नव्हे. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, करडई, तीळ अशी तेलं आलटून पालटून वापरावीत. तळून काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या कुठल्याही तीन पुड्यांवरची घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. 'हायड्रोजनेटेड', 'व्हेजिटेबल फॅट', 'पाम ऑइल' यांतलं काही दिसतं का? कितव्या क्रमांकावर? वहीत लिहा. अक्षरं फार बारीक असतात, तेव्हा बाबांचा चष्मा मागून घ्या!

पालकांनो, एक विनंती. पुड्यातला खाऊ अगदी बंद करू नका, पण तो रोजच्या डब्यातून उचलून कधीतरीच्या रांगेत बसवा. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्यायला चूलही पेटवावी लागत नाही.

आणि मुलांनो, कुणाच्याच डब्याला हसायचं नाही. भाकरीला नाही, तसंच खारीलाही नाही. आमच्या खारीवाल्याची आई सकाळी सहाला कामावर निघते, हे वर्गात कितीजणांना ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुद्दाम लांबून पाहिलं. त्या मुलीच्या डब्याचं झाकण पूर्ण उघडं होतं. आणि खारीवाला शेजारी बसून विचारत होता, "बेरी आणशील का गं एकदा?"

तुमच्या,
बाई